चहाच्या घोटाएवढा उशीर

आमच्या घरात वेळेवर चालणारी वस्तू एकच, आणि ती म्हणजे माझ्या नवऱ्याने जिवापाड जपलेला एक काळा डबा. जेवणाच्या डब्याहून थोडा मोठा. त्याचं नाव सिंक जनरेटर. काम सांगायला सोपं आहे. चार कॅमेरे एकदम चालवायचे असतील तर चौघांनी एकाच ठोक्यावर चित्र काढलं पाहिजे, नाहीतर एकावरून दुसऱ्यावर जाताना पडद्याला उचकी लागते. तो ठोका हा डबा देतो. खंडेनवमीला नवरा त्याला हार घालतो, आणि तो हार आणायला गेलेला नवरा दुपारी परत येतो म्हणून आमची पूजा दुपारी होते. स्वतःच्या साखरपुड्याला हा माणूस पंगत बसल्यावर पोचला होता. मुलगा वेळ जुळवायचं काम करतो, एवढं ऐकून माझ्या वडिलांनी स्थळ पसंत केलं होतं.

कोल्हापुरात आमचा व्हिडिओचा धंदा आहे. लग्नं, कुस्त्या, व्याख्यानं, सभा, जे मिळेल ते. नवरा वायरी आणि डबा सांभाळतो, मी स्विचरवर बसते. स्विचर म्हणजे बटणांचं टेबल. कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र पडद्यावर जाणार हे ते बटण दाबणारा ठरवतो. हे काम माझ्याकडे का, तर नवऱ्याला ठरवायला वेळ लागतो आणि मला राग यायला लागत नाही. बटणांना तापट माणूस लागतो, असं माझं अनुभवाचं मत आहे.

प्रत्येक कॅमेऱ्यावर एक लाल दिवा असतो. ज्याचं चित्र पडद्यावर चाललंय त्याचाच दिवा लागतो, मी दुसरं बटण दाबलं की तो विझतो. दिवा खरं तर कॅमेरामनसाठी असतो. पण कागलकडच्या आमच्या गावच्या दूध संस्थेच्या चेअरमनना तो सापडला आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

त्याच्या आदल्या वर्षीच्या वार्षिक सभेत, ताळेबंदाचं वाचन चालू असताना, चेअरमन गाडीच्या किल्लीने कान कोरत होते. अगदी मन लावून, डोळे मिटून. ते कोणीतरी कापून मोबाईलवर फिरवलं आणि पंचक्रोशीत ताळेबंद सोडून कानाचीच चर्चा झाली. म्हणून या वर्षी ते स्वतः आमच्या दुकानात आले.

"कवा दिसतोय आणि कवा न्हाय ते मला आधी कळाय पायजे," ते म्हणाले. "त्याला काय यंत्र असंल ते लावा."

मी त्यांना लाल दिवा दाखवला. त्यांना तो फार आवडला, फक्त लहान वाटला. नवऱ्याने मधल्या कॅमेऱ्यावर लिंबाएवढा मोठा दिवा बसवून दिला. आदल्या दिवशी मांडवात तालीम झाली. दिवा लागला की मान वर, हसू चेहऱ्यावर, हात जोडलेले, बोलणं सावकाश आणि गोड. कागदाकडे अजिबात बघायचं नाही, कारण खाली बघितलं की टक्कल दिसतं, हे त्यांनीच शोधून काढलं. दिवा विझला की पाणी प्या, कागद चाळा, कान कोरा, तुमची मर्जी. शिकवलेलं इतकं पटकन उचलणारा माणूस मी क्वचित पाहिलाय. घरी इन्व्हर्टरचा लाल दिवा लागला तरी साहेब हात जोडतात, असं त्यांचा ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी सांगत होता.

आता आत्तींबद्दल सांगायला हवं. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. त्या गावातच राहतात, दोन म्हशींबरोबर. आमच्याकडे कोल्हापुरात चला म्हटलं की विचारतात, म्हशी कुठल्या खोलीत बांधणार. पहाटे उठून धार काढायची, किटली घेऊन संस्थेत जायचं, दूध घालायचं आणि चिठ्ठी घेऊन परत यायचं, हा त्यांचा रोजचा क्रम. चिठ्ठीवर नाव मात्र मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. मामंजींना जाऊन बरीच वर्षं झाली. संस्थेच्या सभेत त्यांना रीतसर श्रद्धांजली वाहिली, सगळे उभे राहिले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेने त्यांच्याच नावावर दूध मापून घेतलं. पुढे एका वर्षी उत्कृष्ट दूध उत्पादक म्हणून त्यांचा सत्कारही झाला. शाल आणि नारळ आत्तींनी घेतला. फेटा कोणाला बांधायचा यावर व्यासपीठावर थोडी कुजबुज झाली आणि शेवटी तो माझ्या नवऱ्याला बांधला. माझ्या नवऱ्याला म्हशीच्या कुठल्या बाजूला बसून धार काढतात हेसुद्धा माहीत नाही.

नाव बदलायचं तर मुलाच्या नावावर करा, असं संस्था सांगत होती. आत्तींना ते मान्य नव्हतं.

"दूध मी घालतो आणि नाव त्येचं का? त्यो काय शेण काढाय येतोय?" त्या म्हणायच्या. आणि मग जरा आवाज खाली आणून, "रोज सकाळी त्यो मापाडी ह्यांचं नाव पुकारतोय आणि मी हाय म्हणतो. मेलेल्या माणसाच्या नावाला हाय म्हणून म्हणून तोंड दुखलं बघ. एकदा माझं पुकारू दे की."

अशा गावात बऱ्याच जणी होत्या. कुणाचा नवरा गेलेला, कुणाचा पुण्यात ड्रायव्हर, कुणाचा घरातच पण पहाटे न उठणारा. म्हशी सगळ्यांच्या बायकांच्या हातच्या आणि सभासद सगळे पुरुष. आत्तींनी त्यांना गोळा करून संस्थेकडे अर्ज दिला. अर्ज नाकारावा तर दुसऱ्या दिवशी दूध कोण घालणार, म्हणून चेअरमननी तो सभेच्या विषयांत घेतला. विषय क्रमांक नऊ: प्रत्यक्ष दूध घालणाऱ्या महिलांना स्वतःच्या नावाने सभासदत्व देणे.

आमच्याकडच्या सभेची एक रीत आहे. मतदान वगैरे भानगड नसते. चेअरमन विषय वाचतात, "मंजूर?" म्हणून विचारतात, मांडवातून "मंजूर, मंजूर" असा गलका उठतो आणि पुढचा विषय. सभासदाच्या जागी घरातलं कोणीही आलेलं चालतं. मामंजींनीही गेल्यानंतर एकही सभा चुकवलेली नाही. सगळा कारभार आवाजावर. आवाज ज्याचा मोठा आणि लवकर, ठराव त्याचा. चांगल्या चेअरमनची ओळख हीच की पुढचे लोक चहा संपवायच्या आत त्याने सभा गुंडाळलेली असते.

त्या वर्षी गर्दी वाढणार म्हणून दोन मांडव घातले होते. पहिला संस्थेच्या दारात, दुसरा रस्त्यापलीकडे शाळेच्या पटांगणात. बायकांची सोय दुसऱ्या मांडवात. "तिकडं सावली हाय, पंखे हायत, एवढा मोठा पडदा हाय," असं सेक्रेटरी सगळ्यांना प्रेमाने सांगत होते. तिकडच्या बायकांना पडद्यावर इकडची सभा दिसणार, तिथल्या माइकवरून त्यांचा आवाज इकडच्या स्पीकरवर येणार. सभा मोबाईलवरही जिल्हाभर थेट दिसणार होती, आणि हायटेक सभा म्हणून बोर्डही लागला होता.

अडचण अशी की मधल्या रस्त्यावरून दुधाचे टँकर जातात, त्यामुळे वायर टाकता येत नव्हती. चित्र आणि आवाज इंटरनेटवरून पाठवावा लागणार होता, आणि तसा पाठवला की तो उशिरा पोचतो. फार नाही, चहाचा एक घोट घेऊन कप खाली ठेवेपर्यंत जेवढा वेळ जातो तेवढा. परत येतानाही तसंच. मध्ये विजेचा जनरेटर धडधडत असल्यामुळे थेट हाका मारूनही काही ऐकू जाणार नव्हतं. मी सेक्रेटरींना आधीच सांगितलं की तिकडचं मंजूर इकडे उशिरा येईल, तेव्हा जरा थांबत चला.

"पोचतंय न्हवं? मग झालं तर," सेक्रेटरी म्हणाले.

मला वाटलं यांना कळलं नाही. सभेच्या सकाळी लक्षात आलं की त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं. चेअरमनच्या जाकिटाला आम्ही छोटा माइक लावला होता. तो लावल्यावर माणूस पाच मिनिटांत विसरतो आणि मग आमच्या हेडफोनवर काय काय ऐकू येतं ते लिहिलं तर निम्म्या जिल्ह्यात भांडणं लागतील. मी आवाज तपासत होते आणि कानात सेक्रेटरी बोलले, "साहेब, तिकडचा आवाज उशिरा येतोय. नवाव्या विषयाला इकडं कुणी तोंड उघडायचं न्हाय, सगळ्यास्नी सांगून ठेवलंय. बायका मंजूर म्हणीस्तोवर आपण धाव्या विषयात."

"मग तर झालंच की," चेअरमन म्हणाले. "प्रतिसाद न्हाय म्हणायचं आणि पुढच्या वर्षावर ढकलायचं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे मी सावध करायला म्हणून जे सांगितलं, तेच यांनी आत्तींच्या विरुद्ध वापरायला घेतलं. मी तशीच उठून नवऱ्याकडे गेले. तो डब्याजवळ उकिडवा बसून वायरीवरची धूळ फुंकत होता.

"हा उशीर काढून टाक," मी म्हटलं.

"निघत नाही."

"एवढा डबा बाळगलायस कशाला मग?"

"अगं, मागे पडलेल्याला पुढे ओढता येत नाही," तो शांतपणे म्हणाला. या माणसाचा शांतपणा हा माझ्या रक्तदाबाचा मुख्य आधार आहे. "जुळवायचं असेल तर पुढच्याला थांबवायचं. सगळ्या सिग्नलचा तोच नियम आहे."

"मग काय चेअरमनला थांबवू?"

तो हसला आणि परत धूळ फुंकायला लागला. मी चरफडत माझ्या टेबलापाशी आले.

सभा सुरू झाली. माझ्यासमोर छोटे पडदे ओळीने, एकात चेअरमन, एकात पहिला मांडव, एकात दुसरा. दुसऱ्या मांडवात पुढच्याच रांगेत आत्ती, ठेवणीतल्या हिरव्या लुगड्यात, मांडीवर पिशवी घट्ट धरून. सुरुवात श्रद्धांजलीने, तीही चेअरमननी घोटभरात उरकलेली. इकडचे लोक उभे राहिले, तिकडच्या बायका बसलेल्या. इकडचे बसले तेव्हा तिकडच्या नुकत्याच उभ्या राहून डोळे मिटत होत्या. चेअरमननी स्वागताचं भाषण एका विनोदातच उरकलं, आणि पडद्यावर सगळ्या बायका शोकाकुल. मग इकडे ताळेबंदातल्या तोट्याचा विषय आला आणि स्पीकरवरून हसण्याचा प्रचंड आवाज आला. हिशेबनिसांना ते फार लागलं.

पुढे विषय धडाधड सुटले. चेअरमन विचारायचे, मी मांडवाचं चित्र घ्यायची, दिवा विझायचा, ते खाली कागदात बघून पुढचा विषय वाचायला घ्यायचे. तेवढ्यात स्पीकरवरून आधीच्या विषयाचं मंजूर येऊन पडायचं. पहिले काही विषय ते खपून गेलं, कारण मंजूर कुठेही पडलं तरी शोभतं. सातवा विषय होता संचालक मंडळाच्या परदेश अभ्यास दौऱ्याचा. म्हशींचा अभ्यास करायला संचालक समुद्रकिनारी जाणार होते. आत्तींनी बायकांना बजावून ठेवलं होतं, ह्याला जोरात नामंजूर म्हणायचं. त्या म्हणाल्याही असतील जोरात. पण ते पोचेपर्यंत पुढचे लोक मंजूर म्हणून मोकळे झाले होते आणि चेअरमन आठव्या विषयावर गेले होते. आठवा विषय, चेअरमन साहेबांच्या अभिनंदनाचा ठराव.

"नामंजूर!" स्पीकर गरजला. "नामंजूर! नामंजूर! घरात बसा म्हणावं!"

चेअरमनचा चेहरा पांढरा पडला. पहिल्या मांडवात मागे बसलेली तरुण पोरं बाकावरून खाली पडेपर्यंत हसली. सेक्रेटरी घाईने उठून कानात काहीतरी सांगायला लागले, आणि ते माझ्याही कानात पडलं, "उशिराचं हाय साहेब, दौऱ्याचं हाय ते. नववा उरका आधी."

त्या वेळी मला हसू यायला हवं होतं. पण पडद्यात आत्ती दिसत होत्या. आपण नामंजूर म्हटलं आणि तरीही समोर पडद्यावर चेअरमन पुढच्या विषयावर जाताना दिसले, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी शेजारणीकडे बघितलं, मग माइककडे बघितलं, आणि तो चालू आहे का म्हणून त्यावर बोटाने टकटक केली. ती टकटक जरा वेळाने माझ्या कानात आली. मला एकदम रडायलाच आलं. बाई बोलत होती, माइक चालू होता, सगळं ठीक होतं, आणि तरी तिचं बोलणं जिथे पोचत होतं तिथून माणसं उठून गेलेली होती.

चेअरमननी कागद वर धरला. "विषय नऊ. प्रत्यक्ष दूध घालणाऱ्या महिलांना स्वतःच्या नावाने सभासदत्व देणे." घाईघाईने वाचलं. कागद ठेवला. "मंजूर?"

पहिला मांडव गप्प. ठरल्याप्रमाणे शंभर माणसं एकदम पायातल्या चपलांकडे बघायला लागली.

इथे मी मांडवाचं बटण दाबायचं होतं. माझं बोट बटणावर होतं. नवऱ्याचं ते वाक्य डोक्यात आलं, पुढच्याला थांबवायचं, आणि मी बोट उचलून मांडीवर ठेवलं.

दिवा लालच राहिला.

चेअरमनची मान खाली जायला निघाली होती, ती अर्ध्यात अडकली. वर आली. हसू आलं. हात जोडले गेले. दिवा लाल होता, म्हणजे अख्खा जिल्हा त्यांना बघत होता, आणि लाल दिव्याखाली बायकांचा विषय ढकलणारा माणूस ते नव्हते.

"कट कर," हेडफोनवर नवरा म्हणाला.

मी बोट मांडीवरच दाबून धरलं.

"अगं, कट कर! झोपलीस काय?"

"आमच्या माताभगिनी," चेअरमन दिव्याकडे बघत गोड आवाजात म्हणाले. काहीतरी बोलायलाच हवं होतं, आणि दिवा असताना प्रतिसाद न्हाय म्हणायला तोंड होत नव्हतं. "पहाटे उठून, थंडीवाऱ्यात, ह्या माझ्या आया, ह्या माझ्या बहिणी..." शेजारून सेक्रेटरी जाकीट ओढत होते. चेअरमन हसू तसंच ठेवून कोपराने त्यांना ढकलत होते. "म्हशीची सेवा करत्यात. मी स्वतः, लहानपणी, माझ्या आईला..."

आणि स्पीकर फुटला.

"मंजूर!" असं मंजूर मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. सगळ्या बायका उभ्या राहिल्या होत्या, माझ्या पडद्यात दिसत होत्या, पिशव्या वर करून ओरडत होत्या. त्या आवाजात आत्तींचा आवाज मला वेगळा ओळखू आला, कारण तो रोज म्हशीला रस्त्यावरून बाजूला करतो. पहिल्या मांडवातली ती मागची पोरं उठली आणि त्यांनीही मंजूर सुरू केलं. चपलांकडे बघणाऱ्यांतल्या दोघातिघांना आपापल्या घरी जेवायला जायचं आहे हे आठवलं असावं. तेही बारीक आवाजात मंजूर म्हणाले.

चेअरमनचे हात जोडलेलेच होते. दिवा लालच होता. त्यांनी एकदा दिव्याकडे बघितलं, एकदा मांडवाकडे, आणि गळा भरून आल्यासारखं करून म्हणाले, "एकमताने मंजूर!"

मग मी बटण दाबलं. दिवा विझला. चेअरमननी पाण्याचा अख्खा तांब्या घशात ओतला.

नवरा हेडफोन काढून माझ्याकडे आला. मला वाटलं आता भांडणार. त्याने काही वेळ पडद्यातल्या नाचणाऱ्या बायका बघितल्या, आईला बघितलं आणि म्हणाला, "जुळलं की." एवढंच बोलून तो डब्याकडे गेला. या माणसाकडून याहून मोठं कौतुक मला आजवर मिळालेलं नाही.

चेअरमन मला शिव्या घालतील अशी माझी अपेक्षा होती. पण तो हात जोडलेला, डोळे ओलावलेला तुकडा मोबाईलवर कानापेक्षा जास्त फिरला. लोकांनी त्यांना महिलांचा कैवारी केलं. पुढच्या आठवड्यात हायवेपासून संस्थेपर्यंत त्याच फोटोचे फलक लागले. ते दुकानात पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "त्यो दिवा लई बेस हाय बघा वहिनी. त्यो पेटला की माझ्या तोंडातनं चांगलंच येतंय." मी दोन पेढे घेतले.

कागदपत्रं व्हायला वेळ लागला. नव्या नावाने दूध घालायच्या पहिल्या दिवशी आत्तींनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. पहाटे त्यांच्याबरोबर संस्थेत गेले. रांगेत तीस-चाळीस माणसं, किटल्यांचा खणखणाट, दुधाचा वास. आत्ती नेहमीच्या जागी उभ्या. मापाड्याने यंत्रात बघून नाव पुकारलं.

आत्ती हलल्या नाहीत. त्याने परत पुकारलं. आत्तींनी वळून मागे बघितलं, कोण बाई आहे, पुढे का येत नाही, म्हणून. माझ्या ओठांवर आलं होतं, आत्ती, तुम्हीच. पण मी बोलले नाही. या खेपेला मापाड्यालाच थांबू दे, असं मला वाटलं. तो थांबला. रांगही थांबली.

चहाचा एक घोट घेऊन कप खाली ठेवायला जेवढा वेळ लागतो तेवढा गेला. मग आत्तींनी पदर सारखा केला, किटली उचलली आणि जरा चाचरत म्हणाल्या, "हाय. मीच हाय की."